खिडकीकडचा रस्ता

वीस वर्षं कंपनीच्या बसनं रहाटणीहून कुरुळीला गेलो, पण तो रस्ता मी कधी पाहिलाच नाही. सीटवर टेकलो की डोळा लागायचा. शेजारी खिडकीत बसणारा माझा मित्र मात्र जागा असायचा. मला कोपरानं ढोसून म्हणायचा, "अरे बघ, विहिरीवरच्या तारेवर खंड्या बसलाय." मी वैतागायचो, "झोपू दे ना राव!"

गेल्या दिवाळीत तो वारला. यंदा पन्नाशीत मी पहिल्यांदाच पाच किलोमीटर धावण्याच्या शर्यतीला नाव दिलं. ती नेमकी त्याच रस्त्यावर होती. सगळ्यांच्या मागे, धापा टाकत एका वळणावर थांबलो, तर समोर विहीर. वर तार होती, खंड्या नव्हता.

मागून एक संयोजक ओरडला, "काका, थांबू नका, चला!"

मी म्हटलं, "बघू दे ना राव."