गावाचा जनरेटर मांडवात

त्या जनरेटरचं नाव काढलं तरी माझ्या अंगाची लाही लाही होते. तलवाड्याच्या अलीकडच्या एका गावात मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. दिवाळीच्या तोंडावर वादळानं विजेचे खांब आडवे केले, म्हणून तालुक्यावरून डिझेलचा भलामोठा जनरेटर आला. पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, दवाखाना, सगळं गाव त्याच्यावर. शाळेमागं तो नुसता धडधडायचा, कानठळ्या बसायच्या, पण कुणी कुरकुर केली न्हाई. माझा लशींचा फ्रीजही त्याच्यावरच चालायचा.

त्या दिवशी लसीकरण ठेवलं होतं, कारण ऊसतोडीच्या गाड्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होत्या. मजुरांच्या टोळ्या एकदा गेल्या की लेकरं उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडावर. तिथं कोण हुडकतं त्यांना? म्हणून गोवराची लस जायच्या आधीच टोचायची होती. बाया कापूस वेचून संध्याकाळी लेकरं घेऊन येणार होत्या.

अन् त्याच सकाळी धडधड बंद झाली. बाहेर येऊन बघते तर ट्रॅक्टर जनरेटर ओढत चाललेला! कुठं? तर पुढाऱ्याच्या सत्काराला. मांडवात पंखे पाहिजेत, स्पीकर पाहिजे, अन् म्हणे रंगीत पाण्याचं कारंजं!

तशीच मांडवात गेले. एक कार्यकर्ता आडवा आला.

"सिस्टर, दोन तासाचा तर प्रश्न हाय. गावाच्या इज्जतीचं बघा की जरा."

"फ्रीज तापला तर लस वाया जाईल. लेकरांना काय कारंजं टोचू?"

त्याला बाजूला सारून मी सरळ स्टेजवर चढले. पुढाऱ्यानं हात जोडून सगळं ऐकून घेतलं, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, चला, काम झालं. कसलं काय! माईकवरून पुकारा झाला, "आता आपल्या आरोग्यसेविका ताईंचा सत्कार!" अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. मी ओरडतेय, "साहेब, जनरेटर!" अन् लोक टाळ्या वाजवतायत. दवाखान्याच्या विजेवर चालणाऱ्या त्या स्पीकरपुढं माझा आवाज काय लागणार? मेल्यांनी तोंड बंद करायची काय तऱ्हा काढली होती!

दोन तास म्हणता म्हणता दिवस मावळला. फ्रीजचा काटा कधीच हद्दीबाहेर गेला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "एकही टोचू नका." नवी लस यायला चार-पाच दिवस लागणार होते. दारात बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या. त्यांना मी तसंच माघारी धाडलं. असा संताप आयुष्यात झाला नव्हता. कुणाच्या बापाचा होता तो जनरेटर?

पहाटे गाड्यांपाशी गेले. लेकराला ताप आला, अंगावर पुरळ दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा, एवढंच प्रत्येकीला सांगत फिरले. एका ट्रॉलीत सामानावर एक बाई वर्षाच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून हसली.

"सिस्टर, काल तुमचा सत्कार झाला म्हणं. लई बरं वाटलं बघा," ती म्हणाली, अन् पोरीचा हात धरून तिनं मला टाटा करायला लावलं.