आबांच्या खोलीतलं वायफाय

सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत हलवला. वारूळवाडीतलं आमचं घर आगगाडीसारखं लांबट. इंटरनेटचा राउटर पुढच्या खोलीत आणि आबांची कॉट अगदी मागं. पुण्याच्या एका प्रकाशकाची मुद्रितं मी घरूनच तपासते. आबांनी हाक मारली की लगेच उठता यावं, म्हणून ही सोय. आधी पुढून मागंपर्यंत केबल ओढली होती. एका दुपारी आबांचा वॉकर तिच्यात अडकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ते पडले नाहीत. मी केबल गुंडाळून माळ्यावर टाकली आणि नारायणगावातून यूएसबीत खोचायचं वायफाय आणलं, बोटाच्या पेराएवढं.

"लावलं की चालू," दुकानदार म्हणाला होता. पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरला विंडोज झेपत नव्हतं, म्हणून धाकट्या भावानं त्यावर लिनक्स घालून दिलेलं. त्यातलं मला फाईल उघडणं आणि बंद करणं, एवढंच यायचं.

सकाळी आबांची अंघोळ उरकून मी ते खोचलं. काहीच झालं नाही. भावाला फोन लावला. त्यानं टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायला लावली आणि एक एक अक्षर सांगून आज्ञा लिहून घेतली. चारपाच ओळी उमटल्या. त्यातली एक त्या वायफायची होती.

"म्हंजी कॉम्प्युटरला ते दिसतंय, ताई. पण वापरता येत न्हाई. त्याचा ड्रायव्हर, म्हंजी ते चालवणारा प्रोग्राम, नेटवरून घ्यावा लागंल."

"अरे, नेटसाठीच तर हे चाललंय."

मग तो म्हणाला, मोबाईल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोड आणि मोबाईलचं नेट त्याला दे. तेवढ्यात आबांनी हाक मारली. त्यांना कुशीवर वळवून आले, तोवर भावाची कामावर जायची वेळ झाली होती. पुढच्या आज्ञा त्यानं मेसेजनं पाठवल्या.

त्या मी बघून बघून लिहिल्या. पासवर्ड मागितला, तर टाईप करताना एकही अक्षर दिसेना. कीबोर्ड बिघडला असं वाटून मी तो उलटा करून झटकला. पासवर्ड तिथं दिसतच नसतो, हे नंतर कळलं. पुष्कळ ओळी धावल्या आणि शेवटी एरर आली. पुन्हा केलं, पुन्हा तीच. मध्ये आबांचं जेवण, औषध, चादर बदलणं. दर वेळी खुर्चीवर परत बसले की आपण कुठवर आलो होतो, तेच आठवायचं नाही. पाठ भरून आली होती.

दुपारी मी ती एररची ओळच मोबाईलवर शोधली. लिनक्सच्या गाभ्याच्या काही फायली आधी घालाव्या लागतात, त्या माझ्याकडं नव्हत्या. त्या घातल्या, पहिल्यापासून सगळं केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कोपऱ्यात वायफायची यादी उघडली. शेजाऱ्यांची दोन नावं, खाली आमचं.

मला वाटलं होतं, आनंद होईल. मी नुसती हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"जोडलं का गं?" आबांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झालेत.

"जोडलं, आबा."

"माझ्यामुळं लई उस्तवार व्हतीया तुझी."

"तुमच्यामुळं नाही. या ड्रायव्हरमुळं."

ड्रायव्हर म्हणजे कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगू लागले आणि निम्म्यातच थांबले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जरा पड तू."

मी खाली चटईवर आडवी झाले. मुद्रितं दुसऱ्या दिवशी पाठवली.

पुढं एकदा कॉम्प्युटर अपडेट झाला आणि वायफाय पुन्हा गेलं. भावाला फोन केला नाही. मोबाईल जोडला, त्याच आज्ञा परत लिहिल्या आणि ओळी धावत होत्या तोवर आबांना पेज भरवली.