उजव्या हाताची नाडी

तिसऱ्या खेपेसही मथुरेची नाडी निर्दोष लागली, आणि ती खोटे बोलते आहे हा माझा संशय बळावला.

मी तेव्हा मालवणात वैद्यकी करीत असे. मथुरा मासे विकणाऱ्या घरातली सून. पाटी डोक्यावर घेऊन, उजव्या हाताने सावरीत ती दारोदार हिंडे. वाटेत बोटे बधिर होत. दोनदा बांगडे रस्त्यावर सांडले होते. सासूचा संशय निराळा होता.

"खरा सांगा, बुवा. महारोग आसा तर उद्याच हिका माहेराक धाडतंय."

मी चट्टे शोधले, नव्हते. तिला डोळे मिटायला सांगून बोटांना सुईचे टोक लावले. प्रत्येक स्पर्श तिने ओळखला. महारोगाची बधिरता अशी येत-जात नाही. मग कामाचा कंटाळा असावा, असे मी सासूपाशी बोललोही. ते मथुरेने ऐकले.

"दुखता तो उजवो हात, बुवा," ती शांतपणे म्हणाली. "तुमी आपले दरवेळी डावोच धरतास."

स्त्रीची नाडी डाव्या हाताची पाहावी, असे मी गुरुमुखातून शिकलो होतो. धन्वंतरीचे स्मरण करून उजवे मनगट धरले. नाडी होती. पाटी धरल्यासारखा हात वर करावयास सांगितला. नाडी क्षीण झाली, मग नाहीशी झाली. तळवा पांढरा पडला. हात खाली येताच ती परतली. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळगीत बोट फिरवले, तर आत काही कठीण लागले. गाठ म्हणावी, तर ती हलेना.

बेळगावला एक्स-रे काढला. तेथील डॉक्टरांनी दाखवले: मानेच्या शेवटच्या मणक्यातून जन्मतःच एक जादा फासळी निघाली होती. हात उचलला की रक्तवाहिनी आणि मज्जातंतू तिच्यावर दाबले जात. ओझे बंद करा, नाही भागले तर ऑपरेशन, असे ते म्हणाले. चोवीस फासळ्या मला मुखोद्गत होत्या. पंचविसावी मी प्रथमच पाहिली.

सासूने ती फिल्म उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली.

"हाड जास्ती, तर ताकद कमी कशी?"

समजूत पटली की नाही, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून पाटी सासूच्या डोक्यावर होती, आणि मथुरा बाजारात बसून मासे विकू लागली. ऑपरेशनची गरज पडली नाही.

उजवा हात पाहू नये, असे माझ्या गुरूंनी कधीच सांगितले नव्हते. ती बंदी माझी मीच घालून घेतली होती.