सोजरबाईचा कान

सोजरबाईने मला पहिल्याच दिवशी झापलं होतं. गाडीत गाणं लावलं म्हणून. "बंद कर ते, भाऊ. मले आइकू दे." मी शहरात बुधवारा पेठेतला माणूस, बारा वर्षं झाली बोलेरो चालवतोय. गिऱ्हाईक रस्त्यावरून भांडतं, एसीवरून भांडतं, पण गाण्यावरून मला कोणी बोललेलं नव्हतं. मी तोंड वाकडं करून गाणं बंद केलं. ती खिडकीतून मुंडी बाहेर काढून बसली आणि पुढच्या दहा मिनिटांत तिने अकरा पाखरांची नावं सांगितली. दिसलं त्यातलं एकही नव्हतं.

ती तुकईथडच्या पलीकडची, रानाला लागून असलेल्या पाड्यातली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, मोहफुलं वेचून आणि डिंक काढून घर चालवणारी बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण पुण्याच्या निशा मॅडम दरवर्षी एप्रिलात माझी गाडी करून रानपिंगळ्याची गणना करायला येतात, तेव्हा सोजरबाईशिवाय त्यांचं पान हलत नाही. रानपिंगळा म्हणजे घुबडाच्याच भावकीतलं मुठीएवढं पाखरू. फार थोडे उरलेत म्हणतात. बाकीची घुबडं रात्री फिरतात आणि हे बेटं भरदिवसा उन्हात बसून बोलतं. आमच्याकडे पिंगळा बोलला की म्हातारे लोक आजही थुंकतात, म्हणून सुरुवातीला मला हा सगळा धंदाच अशुभ वाटायचा.

"तुला ओळखू कसं येतं गं एवढं?" मी एकदा विचारलं.

"आधी पाहायचं कुठं बसला. मंग कसा बसला. मंग काय बोलला. रंग सगळ्यात शेवटी. रंग उन्हात खोटं बोलते." मग तिने मला नीट समजावलं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, तो वडाच्या ढोलीत राहतो. रानपिंगळ्याचं डोकं साफ, छातीवर जाड तपकिरी पट्टा, आणि तो सागाच्या उघड्या शेंड्यावर बसून शेपटी हलवतो. हे सांगताना तिची नजर माझ्याकडे नसायचीच. ती झाडांच्या बुंध्यांकडे, दगडांच्या फटींकडे पाहत असायची.

कारण ती नुसती पाखरं शोधत नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा धोंडू बकऱ्या घेऊन याच रानात गेला होता. बकऱ्या संध्याकाळी परत आल्या, धोंडू आला नाही. लोकांनी चार-पाच दिवस शोधलं, मग दमले, आणि दमलेल्या माणसाला जे सोपं वाटतं ते बोलायला लागले. सुरतला पळाला. एखादी बाई असेल. खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणालो होतो. सोजरबाई कोणाशी भांडली नाही. कुंकू लावत राहिली. गणनेच्या लोकांबरोबर रानात शिरायचं तिला निमित्त झालं होतं. आपल्याला टाकून गेला की मेला, एवढंच तिला कळायला हवं होतं.

या एप्रिलातली गोष्ट. गणनेचा दुसरा दिवस, सकाळचे दहा वाजले असतील. साग सगळा निष्पर्ण, पानांचा खच पडलेला, पाय ठेवला की आवाज. आम्ही तिघं पार खाली नाल्यात उतरलो होतो, कारण फक्त तिथेच सावली होती. जांभूळ, अर्जुन, वेलींची गुंतागुंत. इतक्या खाली मी कधी आलो नव्हतो. वर रणरणतं ऊन आणि खाली एकदम गार. मला ते गारपण आवडलं नाही. आम्ही भाकरी सोडली तेवढ्यात समोरच्या गर्दीतून रानपिंगळा बोलला.

निशा मॅडमनी भाकरी टाकून वही उघडली.

"लिहू नका," सोजरबाई म्हणाली. "जागा चुकली त्याची. पिंगळा असा गर्दीत बसत नई. हा भंगराज हाय. तुम्ही पिंगळ्याले बोलवायले फोनवर आवाज लावता ना, तो शिकला यानं."

आणि खरंच, मिनिटभराने तो फांदीवर आला. काळाकुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब काड्या आणि काड्यांच्या टोकाला दोन चकत्या. भृंगराज. मॅडम म्हणाल्या, हा दुसऱ्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. त्यानेही लगेच करून दाखवली. शिकारी शिक्रा झाला, तशा खारी पळाल्या. बुलबुल झाला. मग त्याने माणसासारखी शिट्टी मारली. दोन लांब, एक आखूड, आणि शेवटी हवा निसटल्यासारखं फुस्स.

माझ्या मानेवर काटा आला. सोजरबाई मात्र हसली. "कोमलच्या बापाची शिट्टी हाय. पुढचा दात नव्हता ना, हवा निसटे. बकऱ्या बोलवायचे. या रानातल्या सगळ्या भंगराजाईले पाठ हाय ती." कोमल तिची मुलगी. मेलेल्या म्हणा, हरवलेल्या म्हणा, पण नवऱ्याची शिट्टी पाखराच्या तोंडून ऐकून ही बाई भाकरीचा तुकडा मोडते, याचं मला नवल वाटलं. सवय झाली असेल.

पाखराने पुन्हा शिट्टी मारली. आणि या वेळी तिला जोडून, ठक. ठक. ठक.

मग थांबला. मग पुन्हा शिट्टी, आणि ठक, ठक, ठक.

सोजरबाईचा हात तोंडापाशीच राहिला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा ती उठली.

"काय झालं मावशी?" मॅडमनी विचारलं.

"हे ठक-ठक दुसरा कोनताच भंगराज करत नई."

"सुतारपक्ष्याचं उचललं असेल. दोन्ही एकत्र जोडलं."

"सुतार असा मोजून ठोकत नई. आन बकऱ्या बोलवताना कोनी ठोकत नई." मग हळूच म्हणाली, "बाई, पाखरू एकदा आइकून शिकत नई. लई वेळा आइकावं लागते."

मला उशिराच समजलं, माझं डोकंच तसं. कोणीतरी इथे शिट्टी मारत होतं, तीन ठोके देत होतं, थांबून वाट पाहत होतं, आणि पुन्हा मारत होतं. पाखराला पाठ होईपर्यंत.

भृंगराज आपला टापू सोडत नाही. सोजरबाई त्याच्या मागे नाल्यातून चालत राहिली. जिथे दुसरा भृंगराज त्याच्यावर ओरडायला लागे, तिथून ती परत फिरे. असं करत करत तिने टापूची हद्द काढली. शेताची असते तशी. मग आतलं एकेक ठिकाण पाहायला लागली. मी "चला, परत जाऊ" असं दोनदा म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

पाण्याच्या बरंच वर, काठाला, दोन मोठ्या खडकांमध्ये कपार होती. वरून घसरलेला एक धोंडा तिच्यात अडकला होता. धोंड्याखाली जे होतं ते मी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. प्लास्टिकची चप्पल तशीच होती. कुऱ्हाडीचं पातं गंजलेलं होतं. आणि हाताच्या अंतरावर, काळ्या खडकावर, बताशाएवढा पांढरा खळगा पडला होता. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने एकाच जागी किती वेळा मारलं तर दगडाला खळगा पडतो, देव जाणे.

सोजरबाईने त्या खळग्यात बोट फिरवलं.

"पळाला नव्हता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच सुटका झाल्यासारखं दिसलं. क्षणभर मलाही बरं वाटलं. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मीपण तसंच बोललो होतो."

तिने ते ऐकलं नाही. ती वर पाहत होती. सागाच्या उतारावर, फार उंचावर, एक उघडी टेकडी दिसत होती.

"चौथ्या दिवशी आम्ही तठी उभे होतो," ती म्हणाली. "धा-बारा जन. खालून शिट्टी आली. सगळ्याईनं आइकली. ठक-ठक तेवढ्या वर येत नई, शिट्टीच आली. मानसं उतरायले निघाली. म्याच थांबवलं. मी म्हनलं, कुठं उतरता, अस्वलाची जागा हाय, ते मानूस नई, भंगराज हाय. माह्या कानावर सगळ्याईचा भरोसा. फिरले."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हाही भृंगराजच असेल, मावशी. तुम्ही बरोबरच ओळखलं असेल."

"असंन," सोजरबाई म्हणाली. "पन मी मोठ्यानं बोलली होती, बाई. चला, पाखरू हाय, असं. खाली आइकू आलं असंन."

तिथे फोनला रेंज नव्हती. पोलिसांना कळवायला कोणीतरी वर जायला हवं होतं, मी लगेच निघालो, आणि खरं सांगतो, तिथून निघायला मिळालं याचं मला बरं वाटलं. उतार चढताना मी मागे पाहिलं नाही. अर्ध्यावर पोचलो तेव्हा खालून शिट्टी आली, दोन लांब, एक आखूड, आणि फुस्स. अर्ध्यावरून ठोकेही ऐकू येत होते. ठक, ठक, ठक.

ते संपले, आणि मग आणखी तीन आले, जड, दगडावर दगड आपटल्याचे. सोजरबाई त्याला ओ देत होती.