शिंगाच्या गाडीपुढे चाललेला माणूस

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. आमचं गाव टाकवे बुद्रुक. तिथे प्रत्येक ओढ्याला एक आसरा आणि प्रत्येक पिंपळाला एक मुंजा वाटून दिलेला आहे, पण त्यांतल्या एकानेही मला आजवर ओळख दाखवली नाही. तेव्हा पुढचं वाचून 'हासुद्धा त्यातलाच निघाला' असं म्हणू नका… मी त्यातला नाही. मला फक्त झालं काय ते कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळातली गोष्ट. कामशेतच्या अलीकडे, रुळांना लागून, मिलिटरीच्या मालासाठी पत्र्याचं मोठं गोडाऊन उभं केलं होतं. आत खोक्यांच्या आणि पोत्यांच्या छताला टेकलेल्या थप्प्या, मधून अरुंद बोळ. आमच्या भागातली निम्मी माणसं तिथे कामाला. माझे वडील, म्हणजे आबा, हमालीला. माझी बायको रखमा फाटकी पोती दाभणाने शिवणाऱ्या बायकांत. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी झालेला, म्हणून माझ्या हाती लाल बावटा आला.

बावटा कशाला, तर तिथे फोर्कलिफ्ट होती. पुढे दोन लोखंडी दांडे, ते खोक्याखाली घालायचे आणि माल उचलायचा. आमची माणसं तिला शिंगाची गाडी म्हणत. माल उचलला की ड्रायव्हरला समोरचं दिसत नसे. म्हणून मी बावटा घेऊन गाडीपुढे चालायचं आणि 'बाजू, बाजू' करत ओरडायचं. पायी चालणाऱ्यांसाठी भिंतीकडेने चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या आत चाला, एवढंच माझं सांगणं… पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात एक गोची होती. बैलांत जन्म गेलेली माणसं, ती शिंगांना भितात. गाडी आली की सगळे पुढून पळायचे आणि तिच्या पाठीशी जाऊन निवांत उभे राहायचे. या गाडीची मात्र मागची चाकं वळतात. वळताना तिचं बूड झपकन बाजूला येतं आणि मागे उभा असलेला माणूस थप्पीशी चिरडला जातो. सांगून सांगून माझा घसा बसला. वर आबाच मला म्हणायचे, "मारक्या जनावराच्या म्होरं हुबं ऱ्हाऊ न्हाई, हे आमाला तू शिकीवतूस व्हय?"

त्या दिवशी दुपारी मला हिवताप भरला. दात वाजायला लागले. बावटा गुंडाळला, ड्रायव्हर शेखभाईंना 'आलोच' म्हटलं आणि बाहेर दवाखान्याच्या तंबूत जाऊन पडलो. कंपौंडरने क्विनाइन पाजलं, अंगावर घोंगड्या टाकल्या. बावटा माझ्या उशाशी होता. मला झोप लागली नव्हती, हे शपथेवर सांगतो. कंपौंडर शेजारी बसून आपल्या सासऱ्याची गाऱ्हाणी सांगत होता आणि ती काही संपत नव्हती… झोप लागली असती तर सुटलो असतो.

बऱ्याच वेळाने अंग हलकं झालं तसा आत गेलो. पाहतो तर काम थांबलेलं. रखमा पोत्यांवर बसली होती, बायका तिला पाणी पाजत होत्या. मला पाहताच त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आबा तरातरा पुढे आले.

"लाज न्हाई वाटत? बापासमोर बायकूचा हात धरतूस?"

मला काही उमगेना. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवराबायको धड बोलतसुद्धा नाहीत, हात धरणं तर सोडाच.

"आबा, मी हितं होतोच कुटं? मी आत्ता येतोय."

"मग कोन, तुझा काका आलता?" आबा कडाडले, आणि मधेच त्यांचा आवाज चिरकला. "बरं केलंस पोरा. न्हाईतर आज पोरगी हातची गेलती."

मग एकेकाकडून ऐकलं ते असं. रखमा पडलेलं पोतं उचलायला रेघेबाहेर आली. समोरून गाडी आली तशी ती बाजूने निघून गाडीच्या पाठीशी उभी राहिली. शेखभाईंनी गाडी वळवली. बूड तिच्यावर येणार, तेवढ्यात मी — म्हणजे सगळे म्हणतात तो मी — पुढून धावत मागे आलो, हात धरून तिला रेघेच्या आत ओढलं आणि पुन्हा गाडीपुढे चालू लागलो. बावट्यासकट. पलीकडच्या दाराने बाहेर गेलो म्हणे. शेखभाई म्हणाले, "अरे, तू तो फौरन लौट आया था. सारा वक्त आगे तेरी ही आवाज थी."

कंपौंडरला बोलावून आणलं. तो म्हणाला, हा खाटेवरून हललेला नाही. तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. दुसरा कोणी असेल म्हणावं, तर चारचौघांत परक्याच्या बायकोचा हात धरायची छाती कोणाची होती? आणि आबांनी पोटच्या पोराला ओळखलं नसेल?

संध्याकाळी रखमा भाकरी थापत होती, तेव्हा तिला सगळं खरं सांगितलं. तिचा हात थांबला.

"तुमी न्हवता, तर मग मी कुनाच्या हाती हात दिला?"

मग तीच म्हणाली, "उगा कायबाय बोलू नगा. नवऱ्याचा हात मला कळत न्हाई व्हय?"

तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. त्यांवर मी माझी बोटं ठेवून पाहिली… नेमकी बसली. बायको वाचली म्हणून देवापुढे साखर ठेवावी, की अंगारा आणावा, काही सुचेना.

लढाई संपली, गोडाऊन उठलं. आता आमचं बिऱ्हाड लोणावळ्यात आहे. आबा राहिले नाहीत. मागे एकदा गावी जाताना ओढ्याला पाणी होतं आणि आसपास कोणी नव्हतं, तेव्हा मी रखमाचा हात धरला. पाण्याच्या मधोमध ती म्हणाली, "त्या दिशी असा न्हवता धरला."

"मग कसा?"

"त्यो सोडंल, असं वाटलंच न्हाई."

मी पकड आवळली. तिने नुसतीच 'नाही' अशी मान हलवली आणि पुढे पाऊल टाकलं.

तो कोण होता, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. रखमाला विचारलं की ती म्हणते, "तुमीच की."