घरात बेकार एकच

काशीरामच्या घरात बेकार कोण, असं वाडीत कुणालाही विचारा, केतनचं नाव सांगतील. अठ्ठावीस वर्षांचा, बीए झालेला हा मुलगा. त्याची बेकारी घरात दुखण्यासारखी जपली जाते. सकाळी त्याला उठवायचं नाही, तो झोपलेला असताना भांडी वाजवायची नाहीत, माशाचा मधला तुकडा त्याच्याच ताटात. "त्याच्या डोक्याला ताप हाय," असं काशीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव पूर्वी. ती रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि तीही घरीच राहिली. पाणी भरत होती, केर काढत होती, केतनचे शर्ट धूत होती. तिला कुणी बेकार म्हटलं नाही. ती फक्त लग्नाची होती.

राहिली त्यांची आई, चिमा. ती लांज्याजवळच्या काजूच्या कारखान्यात जाते. बिया फोडून फोडून तिच्या बोटांची कातडी तेलानं जळून काळी पडली आहे. मागे सरकारी माणूस पाहणीला आला आणि घरात कोण काय करतं ते विचारू लागला. काशीरामने पडवीत बसल्या बसल्याच सांगितलं, "मुलगा नोकरी शोधतोय. बाकी बायका काय, घरीच असतात." त्या वेळी चिमा कारखान्यात बिया फोडत होती.

चिमा लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून दर शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येते. मानकरी मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि बाप्ये एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. बायका ओटीचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या. पहिल्या वर्षी गाऱ्हाणं होतं, मुंबईच्या काशीरामाला गिरणीत सुखी ठेव. मग आलं, गिरणी बंद पडू देऊ नको. गिरणी बंद पडली, काशीराम गावी येऊन पडवीत बसला, तेव्हा त्याच्या हाताला काम दे म्हणून गाऱ्हाणं. देवानं दिलं नाही. चिमा त्याच साली काजूला जाऊ लागली. पण ते काम कुणी देवाकडे मागितलेलं नव्हतं, म्हणून मिळालं असंही कुणाला वाटलं नाही. पुढे केतनचं गाऱ्हाणं सुरू झालं, ते दर साली चालूच राहिलं.

यंदा शिमग्याच्या तोंडावर पूर्वीला लोट्याच्या एका रसायनांच्या कंपनीतून बोलावणं आलं. प्रयोगशाळेत काम, पाळ्या बदलत्या, खेडला मैत्रिणीच्या खोलीत राहायची सोय. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"भाऊ घरात बसलेला नि बहीण रातच्या बसनं कामाला?" काशीराम बोलला. "लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा, मी पण दोन वर्षं बसलेच आहे," पूर्वी म्हणाली. "बातम्यांमध्ये बेकार मुलींचे आकडे मुलांपेक्षा वेगळे काढतात, माहितीय?"

"बाई कशी बेकार असंल? बाईला घर असतं."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं पूर्वीलाच कंपनीच्या साहेबाला फोन लावायला लावला. "सायेब, मुलीच्या जागी तिचा मोठा भाऊ धाडतो. चालंल ना?"

तिकडून शिक्षण विचारलं असावं.

"बीए हाय. पन बाप्या मानूस हाय ना!"

साहेब हसलेला पूर्वीलाही ऐकू आला. काशीरामला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही. शनिवारी पालखी येईल, देवाच्या कानावर घालू, तोवर कुणी हलायचं नाही, असं त्यानं सांगून टाकलं. चिमाला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ती परसात जाऊन थुंकली.

शनिवारी पालखी अंगणात पाटावर बसली. चिमाने ओटी भरली, नारळ ठेवला. काशीराम मानकरी हरिश्चंद्राच्या कानाला लागला. हरिश्चंद्रानं घसा खाकरला.

"बा म्हाराजा! ह्या काशीरामाच्या लेकीला लोट्याला जी नोकरी आली हाय, ती तिच्या भावाकडे वळव..."

"व्हय म्हाराजा!"

"नि लेकीला चांगलं स्थळ दाखव..."

"व्हय..."

"नाय म्हाराजा," चिमा म्हणाली.

ढोलवाल्याची टिपरी हातातच राहिली. बाई मध्ये बोललेली कुणी ऐकलीच नव्हती.

"वयनी, देवाच्या पुढ्यात असं बोलू नये," हरिश्चंद्र हळूच म्हणाला.

"मंग देवाच्या पुढ्यात लबाडी करावी काय, भावोजी? शिकली कोण, बोलावलंय कुणाला, त्याला ठावं हाय."

"गप्प रव!" काशीराम ओरडला.

पण ह्या वाडीची रीत अशी की, घरातल्या एकाचीही ना असेल तर ते गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, आणि गाऱ्हाणं अर्धं टाकून पालखी उठवत नाहीत. अजून खालची आळी व्हायची होती. खांदेकरी चुळबुळ करू लागले. एक जण म्हणाला, "आवरा ओ, ऊन डोक्यावर आलंय."

हरिश्चंद्रानं काशीरामकडे पाहिलं. काशीराम जमिनीकडे बघत होता.

"काय बोलू वयनी?"

"तिची नोकरी तिलाच लाभू दे, असं बोला."

हरिश्चंद्र तसं बोलला. "व्हय म्हाराजा" आलं, पण पाण्यात भिजलेल्या फटाक्यासारखं. एवढी वर्षं केतनसाठी घसे फोडणाऱ्यांना आज सर्दी झाली होती. ढोल वाजला, पालखी उठली.

केतन आतून मोबाइल घेऊन बाहेर आला. "मला नकोच होती. लोट्याला वास येतो म्हणे."

काशीराम दोन दिवस धुमसत राहिला. पण देवापुढे झालेलं त्याला मोडता येईना. सोमवारी पहाटे पूर्वीची वळकटी खांद्यावर टाकून तोच लांज्याच्या स्टँडवर आला. चिमाला क्षणभर बरं वाटलं.

खेडच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. "मुलगी कुठं?" त्यानं विचारलं.

"कंपनीत," काशीराम छाती काढून म्हणाला. "भावाचं कायतरी होईस्तोवर. मंग आणतो परत."

पूर्वीनं खिडकीतून ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. गाडी सुरू झाली तशी चिमा पुढे गेली आणि तिनं खिडकीची दांडी धरली.

"ऐक ग. केतनचं झालं तरी तू येऊ नको."