समुद्राकडची अर्धी कमान

रहमतुल्लाचाचांना कुणी पट्टीचा गवंडी म्हटलं की ते हात झटकून म्हणायचे, "नाय रे बाबा. अजून मेहराब नाय केली."

बाणकोटच्या खाडीकाठी त्यांचं गवंड्यांचं घर. मशिदीत इमाम ज्या कमानीच्या कोनाड्यासमोर उभा राहतो, ती मेहराब ज्यानं बांधली नाही तो अर्धा गवंडी, असा त्या घरातला दंडकच होता. आजोबा पुरे झाले, वडील पुरे झाले. चाचा मात्र ऐन उमेदीत सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर कतीफला आले आणि लोकांच्या न्हाणीघरांना फरशा बसवता बसवता म्हातारे झाले.

गाशा गुंडाळायची वेळ आली तेव्हा कुठे काम चालून आलं. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या पुढे, एका मच्छीमार गावातली जुनी मशीद दुरुस्तीला काढली होती. मी तिथे वायरिंगला होतो. गावकरी म्हणत, मशीद सहा-सातशे वर्षांची. समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, मधून मधून लाकडाच्या आडव्या पट्ट्या, वर तीन बुटके घुमट, आणि दार इतकं ठेंगणं की भले भले वाकूनच आत जातात. मेहराबीची भिंत मागेच कोसळली होती. ती पुन्हा उभी केली होती, पण सपाट. तिच्यात मेहराब करायला चुन्याचं काम येणारा माणूस हवा होता, कतीफच्या ओळखीनं मी चाचांचं नाव सुचवलं.

चाचा आले, पहाटेची नमाज कॅम्पच्या बिनखिडकीच्या खोलीत पढले आणि उजाडताच साइटवर हजर. मी पोचतो तो काय, दोरी आणि खडू घेऊन त्यांनी भिंतीवर सुबक कमान आखली होती. समुद्राकडच्या भिंतीवर. मक्केच्या बरोबर उलट!

साइटवरची पोरं खो-खो हसली. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कोकणात किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, मावळतीला, कतीफमध्येही मावळतीकडेच. उभा जन्म सूर्य बुडतो तिकडे तोंड करून नमाज पढलेल्या माणसाला स्वप्न पडणार आहे का, की इथे मक्का उगवतीच्या अंगाला आहे?

सुदानी इंजिनिअर यासीन भडकला. "इतकी वर्षं या मुलखात काढलीस आणि काबा कुठे ते ठाऊक नाही? मेहराब दुसरा कुणी करेल. खलास." आणि चाचांना जुना गिलावा खरवडायला बसवलं, तोही त्याच भिंतीचा.

संध्याकाळी बाणकोटहून हफीजाचाचींचा फोन आला. "मेहराब सुरू झाली?"

"चाललंय, चाललंय," चाचा म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही, कानापर्यंत लाल झाले. मला बघवेना.

पुढे एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. गिलाव्याखाली, त्यांच्या खडूच्या रेघेला जवळजवळ लागून, जुन्या दगडांची कमान निघाली होती. एका बाजूनं झोकात चढत आलेली आणि माथा गाठायच्या आत थांबलेली. पुढे नुसती भरणी.

यासीन बघतच राहिला. मशिदीच्या किल्ल्या सांभाळणारे म्हातारे अबू सालेह मात्र त्या दगडांवरून हात फिरवत हसायला लागले. "वळण आमच्या पडलेल्या मेहराबीचंच आहे. त्याच हाताचं. गलबतातून आलेला तुमच्या बाजूचाच, मावळतीकडे नमाज पढणारा कुणी असणार. चुकला, उमगलं, मग तिकडे जाऊन नीट बांधली. त्याला कुणी हाकललं नाही, मग याला का?"

यासीननं मान खाजवली. "यल्ला, लाग कामाला," एवढंच म्हणाला.

चाचांनी मेहराब बांधली. अर्ध्या कमानीचं वळण घेऊनच बांधली, आणि ती अर्धी कमान तशीच उघडी ठेवली. पहिल्या जुम्म्याची नमाज झाली, गर्दी पांगली, तेव्हा त्यांनी चाचींना व्हिडिओ कॉल लावला आणि पहिल्या दिवशीची फजिती आपणहून सांगून टाकली. चाची हसून हसून बेजार झाल्या.

"हसतेस काय? ऐक. कतीफला नमाजेला उभा राहिलो की घराकडे पाठ व्हायची. रोज." चाचांनी फोन मेहराबीकडे वळवला. "इथं मक्का पण त्या बाजूला, बाणकोट पण त्याच बाजूला. मी बांधली ती बघ, तुझ्याकडे तोंड करून बांधली."

चाचींचं हसू थांबलं. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "झालात ना पुरे गवंडी? आता घरी या."